जांभळाच्या वाइनचे तीन बुधले

११ नोव्हेंबर, सोमवार

नितीनने डबा स्वतः भरला, गेला. जाताना 'झोप तू' म्हणाला. झोपलेच होते.

दिवसभर घरात सासरे आणि सून. अण्णा हॉलमध्ये पेपर घेऊन, मी आत पंख्याकडे बघत. दोघांनाही एकमेकांचा त्रास नाही.

दुपारी त्यांनी दारावर टकटक केलं. दार उघडंच होतं, तरी आत नाही आले. "प्रज्ञा, जरा येतेस का? एक काम होतं." मला वाटलं चहा हवा असेल. गॅलरीत घेऊन गेले. जांभळाच्या वाइनचे तीन बुधले, जुन्या चादरीत गुंडाळलेले. मी विसरूनच गेले होते. एकात नळी सोडून त्यांनी अर्धा कप काढली. रंग चांगला आलाय, काळपट लाल.

"बघ गं कशी झालीय. मला हल्ली नीट कळत नाही."

एक घोट घेतला. तोंड तुरट झालं. बाकी काही नाही.

"काही लागत नाही," म्हटलं.

"काहीच?"

"तुरट पाणी नुसतं."

मग त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरून ठेवला. "मग हिच्यात काहीतरी घालावं लागणार," म्हणाले.

येऊन परत पडले.

१२ नोव्हें., मंगळ

जूनमध्ये अण्णांनी बदलापूर गावातून टोपल्या भरून जांभळं आणली होती. मला पाचवा संपत आलेला. बिया काढायला मी पण बसले होते, आठवडाभर बोटं जांभळी. नामकरणाला कंपनीतल्या जुन्या मित्रांना पाजायची, तोवर निवळेल, असा त्यांचा हिशोब.

सप्टेंबरात बाळ गेलं. पोटातच गेलं. वाइनकडे कुणी बघितलं नाही. ती आपली निवळत राहिली.

१४ नोव्हें., गुरु

ऑफिसातून एचआरच्या मुलीचा फोन. नवीन आहे, आवाज गोड. "मॅम, मॅटर्निटी लीव्ह टाकायची तर सिस्टिम बेबीची डेट ऑफ बर्थ मागतेय."

टाका म्हटलं.

"मॅम, आणि बर्थ सर्टिफिकेट अपलोड..."

"ते नाहीये."

फोनवर हात दाबून कुणाला तरी विचारलं असणार. मग म्हणाली, "मग तोपर्यंत सिक लीव्ह टाकू का मॅम?"

टाका म्हटलं.

कशापर्यंत ते तिलाही माहीत नसणार.

१५ नोव्हें.

काही नाही. केस धुतले.

१७ नोव्हें., रवि

अण्णा विहारातून आले, पांढरा शर्ट बदलला आणि किचनच्या टेबलावर दुकान मांडलं. कटिंगचे ग्लास ओळीने. प्रत्येकात थोडी थोडी वाइन. शेजारी त्यांच्या छोट्या बाटल्या. व्होडकात दालचिनी, व्होडकात लवंग, व्होडकात संत्र्याची साल. हे सगळं त्यांनी कधी भिजत घातलं? व्होडका म्हणे स्वतः जाऊन आणली, पेपरात गुंडाळून, त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवून. सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, काय अण्णा, आज भाजी भारी दिसते.

अण्णांनी आयुष्यभर इसेन्स बनवले. अंबरनाथला, मोरिवलीच्या जवळच्या कंपनीत. सरबताचे, बिस्किटांचे, खोकल्याच्या औषधांचे. नितीन सांगतो, लहानपणी वडील घरी आले की शर्टाचा वास घेऊन आज काय ते ओळखायचा. केळं, अननस, व्हॅनिला. त्याला सगळ्यात जास्त केळं आवडायचं.

तर अण्णांची पद्धत अशी. बुधल्यात एकदम काही ओतायचं नाही. ग्लासात थोडीशी घ्यायची, ड्रॉपरने एक-दोन थेंब, ढवळायचं, झाकून ठेवायचं. लगेच चव घेतली तर इसेन्स वेगळा आणि वाइन वेगळी लागते. दुसऱ्या दिवशी बघायचं. कमी पडलं तर वाढवता येतं.

सालीत पांढरा भाग जराही येता कामा नये. नाहीतर कडू.

मी चव घेतली. संत्रं: काही नाही. दालचिनी: काही नाही. लवंग: जीभ बधिर झाली. म्हणजे जिभेला काहीतरी झालं एवढं कळलं.

"लवंग जास्त आहे," म्हटलं. अण्णा खूश.

१८ नोव्हें., सोम

ग्लास परत चाखले. दालचिनीच्या ग्लासाला शेवटी थोडं काहीतरी. किंवा मला वाटलं.

नितीन रात्री जेवताना हसला. बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, "अण्णांचं नाक ठणठणीत आहे गं. तुला उठवून बसवायला करतायत हे सगळं."

अच्छा.

२० नोव्हें., बुध

दोन दिवस गेले नाही किचनकडे. डोकं दुखतंय सांगितलं. अण्णांनी ग्लास झाकून फ्रिजवर ठेवलेत. विचारत नाहीत.

मला उठवून बसवायचं आहे सगळ्यांना. बसेन की. काय घाई आहे.

२३ नोव्हें., शनि

दुपारी पडले होते. जळका वास आला. आधी वाटलं बाहेरून, कुणीतरी कचरा पेटवला असेल. मग कळलं, दूध.

किचनमध्ये गेले तर अण्णा तिथेच. गॅसकडे पाठ करून टेबलाशी बसलेले, संत्र्याची साल काढत. चष्मा नाकाच्या टोकावर. हात लांब केला असता तर पातेल्याला लागला असता. पातेलं काळं झालेलं, धूर वर छताला.

"अण्णा, दूध!"

त्यांनी मान वर केली. "काय झालं दुधाला?"

गॅस बंद केला. खिडकी उघडली. ते पातेल्याकडे बघत उभे राहिले. हातात अर्धं सोललेलं संत्रं. नाक ठणठणीत असलेला माणूस असा नाही उभा राहत.

"अजिबात नाही येत?" मी विचारलं.

"तिखट कळतं. बाकी..." म्हणाले. मग, "नितीनला नको सांगूस. गॅसजवळ जाऊ देणार नाही."

पातेलं घासायला घेतलं. बराच वेळ लागला. घासता घासता म्हटलं, उद्या व्हॅनिलाचं बघू.

मला आला होता वास, आतल्या खोलीत.

२५ नोव्हें., सोम

व्हॅनिला घरात नव्हती. अण्णा म्हणाले उल्हासनगरला जावं लागेल, त्यांच्या ओळखीच्या दुकानात, शेंगा मिळतात तिथे. मी जाते म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मग नियम सांगितले. तेलातला इसेन्स घ्यायचा नाही, वाइनमध्ये मिसळत नाही, वर तरंगतो.

स्कूटर बाहेर काढली. इतक्या दिवसांनी. चालवता येते अजून.

दुकानदार सिंधी म्हातारे, अण्णांना कंपनीपासून ओळखतात. ऑगस्टमध्ये अण्णांबरोबर गेले होते तेव्हा मला बसायला स्टूल दिलं होतं, पोटाकडे बघून. आज लांबूनच ओळखलं.

"अरे बेटी! आओ आओ. हो गया? लड़का या लड़की?"

गर्दी होती. एक बाई केकचे साचे बघत होती, ती पण हसून वळली.

"लड़की," मी म्हटलं.

"वाह! लक्ष्मी आई घर में. नाम क्या रखा?"

"अभी रखा नहीं."

"रखो रखो, आराम से." त्यांनी व्हॅनिलाच्या शेंगा बांधल्या. पैसे घेतले. मग मागच्या फळीवरून एक बाटली काढून पिशवीत टाकली. गुलाबाचा इसेन्स. "ये मेरी तरफ़ से. बच्ची के नाम की मिठाई में डालना."

थँक्यू म्हटलं. स्कूटरला चावी लावली. सगळं खरंच सांगितलं मी. एकही गोष्ट खोटी नव्हती.

२६ नोव्हें., मंगळ

अण्णा शेंगा चिरून दाखवत होते. आत काळे बारीक कण. अर्ध्या शेंगा व्होडकात टाकल्या, दोन-तीन आठवडे राहू देत म्हणाले. एक शेंग मात्र दुसऱ्या बुधल्यात तशीच, दोरा बांधून सोडली, थेट. तो धीमा मार्ग. पहिल्या बुधल्याचं ठरलं: संत्रं आणि किंचित दालचिनी. तिसऱ्याचं अजून काही नाही.

ते आंघोळीला गेले. मी गॅलरीत होते. तिसऱ्या बुधल्याचं झाकण काढलं आणि गुलाबाची बाटली ओतली. सगळी. झाकण लावलं. रिकामी बाटली कचऱ्यात.

का, माहीत नाही. राग आला होता असं पण नाही. हात अगदी स्थिर होता.

संध्याकाळपर्यंत गॅलरी लग्नाच्या हॉलसारखी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघून विचारलं, काही कार्यक्रम आहे का?

२७ नोव्हें., बुध

अण्णांना वासाने कळलं नाही. वर तेलाचा तवंग दिसला तेव्हा कळलं.

"काय घातलंस?"

"गुलाब."

"किती?"

"बाटली."

"हं."

ओतून टाकू का विचारलं. थांब म्हणाले. खुर्ची ओढून बुधल्यासमोर बसले, आजारी माणसाजवळ बसतात तसे.

२८ नोव्हें., गुरु

गुलाब कमी करता येतो का ते बघायला बसलो. आधी तवंगाखाली नळी सोडून वाइन दुसऱ्या भांड्यात घेतली, तवंग मागे ठेवून. मग ती थोडीशी, साध्या वाइनमध्ये मिसळून. अजून थोडी साध्यात. दर वेळी मी हुंगायचं आणि सांगायचं.

"अजून येतोय?"

"येतोय."

"आता?"

"येतोय. तुम्हाला एवढाही नाही येत?"

"नाही," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी पण नाही आला."

कुठल्या दिवशी, मी विचारलं.

ते नळी पुसत होते. पुसतच राहिले. "नितीनने रस्त्यात गुलाब घेतले होते. पुडा माझ्याकडे दिला. त्याच्या हातात ती होती ना. एवढा मोठा पुडा माझ्या नाकाखाली, आणि वास नाही. मला वाटलं रडून नाक चोंदलं असेल. मग आलाच नाही परत."

मी ग्लास खाली ठेवला.

त्यांना वाटलं मला हे माहीत असेल. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं की नाही माहीत. "नितीन बोलला नाही का तुला?" म्हणाले.

नाही म्हटलं. मग म्हटलं, अजून येतोय गुलाब. जरा अजून साधी घाला.

२९ नोव्हें., शुक्र

हे मला माहीत होतं ते: हालचाल थांबली. सोनोग्राफी. डॉक्टर बाई स्क्रीन आमच्याकडून वळवून बघत राहिल्या. मग कळा आणायचं इंजेक्शन, शेवटी झोपेचं. शुद्ध आली तेव्हा आत्या, म्हणजे अण्णांच्या बहीण, शेजारी. बघू नकोस, डोळ्यांसमोरून जात नाही मग, म्हणाल्या. मी म्हटलं बरं. संध्याकाळी नितीन आला, चपलांना चिखल. 'सगळं नीट झालं' म्हणाला. सगळं म्हणजे काय ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मुलगी होती हे नर्सच्या बोलण्यातून कळलं.

आज जेवताना विचारलं. "तू गुलाब घेतले होतेस?"

घास हातात राहिला त्याचा. अण्णांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "अण्णा ना," म्हणाला. ताट सिंकमध्ये ठेवलं, खाली चक्कर मारायला गेला. आला, मॅच लावली.

१ डिसेंबर, रवि

विठ्ठलवाडीहून आत्या आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. बाळंतिणीचे लाडू. त्यांच्या लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल.

गॅलरीत डोकावून म्हणाल्या, "काय रे वसंता, अत्तराचं दुकान काढलंस?" मग बुधले बघितले. "विहारात पंचशील म्हणतोस ना दर रविवारी? पाचवं शील विसरलास?"

"ताई, चार पाळतो ना," अण्णा म्हणाले.

त्या पण हसल्या. मी पण हसले, तोंडाने.

चहा झाल्यावर माझ्याबरोबर आतल्या खोलीत. कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात झबली, टोपरी, दुपटी. त्यांच्याच हातची गोधडी वर. "हे मी घेऊन जाते हं," म्हणाल्या. "डोळ्यांसमोर नको. पुढच्या वेळी नवीन करू. लवकर होईल बघ, वय आहे तुझं."

"राहू दे आत्या."

"अगं पण..."

"राहू दे."

त्या पलंगावर बसल्या. गोधडी मांडीवर. एकदम रडायला लागल्या, पदर तोंडात धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "मीच म्हटलं दाखवू नका तिला. मला वाटलं तुझ्या भल्याचं... माझ्या पहिल्या वेळी मी बघितलं होतं गं. अजून दिसतं."

त्यांचं पहिलं असं गेलं होतं, हे आज कळलं. नितीनला तरी माहीत आहे की नाही.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. पाठ किती बारीक झालीय. मला रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं, मी वाट पण बघितली.

लाडू ठेवून गेल्या. एक खाल्ला.

३ डिसें., मंगळ

नितीनशी कामापुरतं. दूध, गॅस, चावी.

पहिल्या बुधल्यात अण्णांनी एक पांढरी पूड टाकली, साखर घातल्यावर वाइन परत आंबायला लागू नये म्हणून. मग साखरेचा पाक. मग संत्रं, मोजून, माझ्यासमोर. पुढच्या दिवसांत काही करू नकोस तिला, म्हणाले. वाइनबद्दलच बोलत होते.

तिसरा बुधला तसाच. सगळी साधी वाइन संपवली तरी गुलाब जाणार नाही, हे आता दोघांनाही कळलंय. चादर गुंडाळून कोपऱ्यात ठेवलाय.

५ डिसें., गुरु

अण्णा आणि आत्या संध्याकाळी दादरला गेले, चैत्यभूमीला, दरवर्षीसारखे. रात्रभर रांगेत. मी पुरीभाजी बांधून दिली. आमच्या सासूबाई होत्या तेव्हा त्या द्यायच्या.

घरात आम्ही दोघंच. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. दोघांनी मोबाईल बघितले.

६ डिसें., शुक्र

नितीनने सुट्टी टाकली होती. सांगितलं नव्हतं. सकाळी उठले तर किचनमध्ये कांदा चिरत होता, पोह्यांसाठी. मी दारात उभी.

"केस खूप होते," तो म्हणाला. गॅसकडे तोंड करून.

मी टेबलाशी येऊन बसले.

"मला वाटलं नव्हतं एवढे असतात. ओले होते, कपाळाला चिकटलेले. काळेभोर." कांदा कढईत टाकला. "नखं पण होती. वाढलेली."

"कोणासारखी होती?"

"माहीत नाही प्रज्ञा. झोपल्यासारखी." मग ढवळत राहिला. "जड होती. त्यांनी वजन सांगितलं होतं, विसरलो. पण जड होती. चालून चालून हात भरून आला. अण्णा म्हणत होते माझ्याकडे दे थोडा वेळ. दिली नाही मी."

कांदा लागला खाली. त्याने पाणी शिंपडलं. पोहे टाकले.

"तू विचारलं नाहीस कधी," म्हणाला. "मला वाटलं तुला नको असेल."

"मला वाटलं तू सांगशील."

एवढंच. पोहे खाल्ले. मीठ विसरला होता. मी मागितलं नाही, त्याने घातलं नाही.

मग ताटल्या उचलताना म्हटलं, मला ने तिथे.

"बघू," म्हणाला. नळ सोडला, बंद केला. "रविवारी."

७ डिसें., शनि

अण्णा आले, पाय सुजलेले. गरम पाण्यात मीठ घालून दिलं. आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. विचारलं नाही काही. ह्या घरात कुणी विचारत नाही.

८ डिसें., रवि

गेलो नाही. त्याने गाडीचं काम काढलं, ब्रेकची वायर. दिवसभर खाली. मी पण आठवण करून दिली नाही.

काळे केस. दिवसभर तेवढंच. दात घासताना, भात लावताना. ओले, कपाळाला चिकटलेले.

११ डिसें., बुध

बाटल्या भरल्या. पहिला आणि दुसरा बुधला. अण्णा नळी धरून, मी बाटल्या सरकवत. दुसऱ्यातली शेंग दोऱ्याने वर काढली, फुगून मऊ झाली होती. मी फार आशा धरून नव्हते. घोट घेतला, गिळला. मग गिळल्यावर मागून आली व्हॅनिला. आणि तिच्या मागून जांभूळ. आंबटगोड, उन्हातल्या झाडाखालचं, चिरडलेलं जांभूळ. घशात राहिलं थोडा वेळ.

"काय गं?" अण्णा म्हणाले. माझं तोंड बघून.

"चांगली झालीय."

"काय लागतं? नीट सांग."

सांगितलं त्यांना. आधी काय, मग काय. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग स्वतः घोट घेतला आणि मान हलवत राहिले, मी सांगितलं त्या क्रमाने.

बाटल्यांवर चिकटवायला पट्ट्या कापल्या होत्या. काय लिहायचं विचारलं. 'संत्रं' आणि 'व्हॅनिला' लिहिलं. कुणाला द्यायच्या हा विषय दोघांनीही नाही काढला.

एचआरचा मेसेज. सिक लीव्ह संपत आली आहे, प्लीज कन्फर्म. उत्तर दिलं नाही अजून.

१३ डिसें., शुक्र

नितीनने आपण होऊन म्हटलं, परवा जाऊ. सकाळी, ऊन व्हायच्या आत.

अण्णांनी त्याला समजावून सांगितलं, मी ऐकत होते. नदीकडे उतरायचं, स्मशानाच्या शेडच्या मागे, लहान मुलांची जागा. बाभळीच्या डाव्या हाताला. दगड ठेवलाय वर. तुम्ही पण चला म्हटलं. नाही म्हणाले, तुम्ही दोघं जा.

१५ डिसें., रवि

गेलो. आमच्या बेलवलीहून लांब नाही, मला वाटत होतं कुठेतरी खूप लांब असेल. स्कूटरवर मी मागे. काही घेतलं नाही बरोबर. नितीनने फुलवाल्याजवळ गाडी हळू केली, मी थांब म्हटलं नाही, तो पुढे गेला.

शेडच्या मागे पायवाट. पावसाळ्यानंतर गवत वाढून वाळलेलं, कमरेएवढं. नदीचा आवाज नाही, नुसतं पाणी दिसतं खाली. बाभळी एक नाही, पाच-सहा. नितीन एकीखाली गेला. वाकून गवत बाजूला केलं. दगड होते. सगळीकडेच दगड होते.

"इथे," म्हणाला. मग मागे वळून शेडकडे बघितलं, अंतर लावलं. "नाही. शेड एवढं लांब नव्हतं." दुसऱ्या बाभळीकडे गेला. तिथे पण वाकला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "पाऊस होता तेव्हा. गवत नव्हतं एवढं. चिखल होता सगळा."

"असू दे," मी म्हटलं.

"नाही, थांब. इथेच कुठेतरी." परत पहिल्या झाडाकडे. हाताने गवत उपटायला लागला. मुठी भरभरून. हाताला कापलं. "मी स्वतः ठेवलाय दगड. मी स्वतः."

मी जाऊन त्याचा हात धरला. त्याने सोडवला नाही. दोन बाभळींच्या मधे जरा मोकळी जागा होती, तिथे बसलो. दोघांच्या मधे कुठेतरी असेल, किंवा नसेल. तो रडला. मी त्याच्या हातातलं गवताचं कुसळ काढत होते, खोल गेलं होतं. निघालं नाही पूर्ण.

ऊन वर आल्यावर उठलो.

घरी आलो तर अण्णा दारातच. बहुतेक आम्ही गेलो तेव्हापासून तिथेच उभे.

"जागा सापडली?" त्यांनी विचारलं.

"हो," नितीन म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून चपला काढत होते.